व्याह्याला पाठ कशी दाखवायची?

मंडळी, ऐका! पुसाचं लग्न झालं ना, त्याच सालची ही गोष्ट. साल कुठलं म्हणाल, तर तेव्हा भिंतीवर दिनदर्शिका नव्हत्या! लोक असंच सांगायचे — अमक्याच्या लेकीच्या लग्नाचं साल, तमक्याची म्हैस पुरात गेली ते साल. तर हे पुसाच्या लग्नाचं साल. फाल्गुन महिना. लग्नाला चार दिवस झालेले. आणि पाचव्या दिवशी दारात लढाई!

पण लढाईत शिरण्याआधी एक प्रश्न विचारतो. सांभाळून उत्तर द्या, बायको शेजारी बसली आहे. मानाची जागा कुठली हो? तुम्ही पुढे येऊन बसलात म्हणून ही पुढची जागा मानाची? की तिकडे खांबाला टेकून पाय पसरून बसले आहेत, त्यांची? हसू नका! माणसामुळे जागेला मान येतो, की जागेमुळे माणसाला? बघू, तुमचं उत्तर शेवटपर्यंत टिकतं का.

तर हिरडपूर नावाचं एक नगर होतं. फार जुन्या काळातलं. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. राजा सोमिल. वय कोवळं, मिशी त्याहून कोवळी! आणि त्याच्या पदरी एक माणूस होता, विण्हुक. म्हणजे आपला विष्णूच हो, जुन्या बोलीतला. हा आपल्या गोष्टीचा माणूस.

विण्हुक काय करायचा? सेनापती? नाही. धनुर्धर? छे! तो रेघा मारायचा!

हो! हसलात ना? अहो, जुनी लढाई म्हणजे आठवडी बाजारातली मारामारी नव्हे. चार हजार माणसं मैदानात सोडली आणि म्हटलं, 'उभे राहा' — तर राहतील? पंगतीला दोनशे माणसं बसवताना आपली काय तारांबळ उडते! म्हणून लढाईच्या दिवशी पहाटे विण्हुक चुन्याची फक्की घेऊन मैदानात जायचा. दोरी धरायची, रेघ ओढायची. ही रेघ धनुर्धरांची, ही घोडेस्वारांची, ही हत्तींची. प्रत्येक रेघेच्या टोकाला खूण — धनुष्य, घोडा, मडकं, सूर्य. मग पुरोहिताने यायचं, रेघेला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. झालं! एकदा पुजलेली रेघ पुसायची नाही. पुसली, तर फौज पळते — अशी त्या लोकांची श्रद्धा! आणि पुजलेली रेघ रिकामीही ठेवायची नाही.

आता नीट लक्ष द्या, इथे युद्धशास्त्र आहे. ढाल कुठल्या हातात? डाव्या. म्हणजे शिपायाची डावी बाजू झाकलेली, उजवी उघडी. मग उजवी कोण झाकणार? उजवीकडचा शेजारी, त्याच्या ढालीने! अशी सगळी रांग एकमेकांच्या आधाराने उभी. पण सगळ्यात उजव्या टोकाला जो उभा, त्याच्या उजवीकडे कोण? कुणी नाही! वारा! म्हणून त्या बाजूला सगळ्यात शूर माणसं लागायची. म्हणून उजवी बाजू मानाची. आणि डावीकडे? उरलेसुरले. ज्यांच्याकडे तलवारी नाहीत, बांबू आहेत, असे.

आणि दोन फौजा समोरासमोर आल्या, की गंमत होते. उभे राहा बघू दोघं समोरासमोर! — बसा, बसा, खरंच उभे राहू नका, मागच्यांना दिसत नाही. समोरच्याचा उजवा हात तुमच्या डाव्या हातासमोर येतो की नाही? मग त्याची शूर बाजू तुमच्या बांबूवाल्यांवर! आणि तुमची शूर बाजू त्याच्या बांबूवाल्यांवर! दोन्हीकडचे शूर जिंकायचे, दोन्हीकडचे गरीब मार खायचे, आणि दोन्ही राजे घरी जाऊन सांगायचे — आम्ही जिंकलो! शेकडो वर्षं असंच. आणि कुणाला वाटत नव्हतं की हे बदलावं. का? अहो, मान! उजवी बाजू कोण सोडणार?

हिरडपुरात ती उजवी बाजू भद्रकाची. आठशे भालेवाले, बारा बारा ओळी खोल. सात पिढ्या उजवीकडे उभ्या राहिलेल्या. भद्रक जेवायला बसला तरी पंगतीच्या उजव्या टोकाला बसायचा. झोपला तरी उजव्या कुशीवर!

आणि मंडळी, हा भद्रक म्हणजे विण्हुकाचा नवा व्याही! विण्हुकाची लेक पुसा दिली ती भद्रकाच्या घरात.

आता लग्न म्हटलं की काय आलं? बरोब्बर! रुसवा आला! लग्नाच्या पंगतीत तूप वाढणाऱ्याने काय केलं — आधी भद्रकाच्या मेव्हण्याला वाढलं, मग भद्रकाला! संपलं! भद्रकाने पानावर पाणी सोडलं आणि उठला. विण्हुक मागे धावला. 'अहो व्याही, अहो व्याही, चुकलं! वाढणारा परगावचा आहे!'

'चुकलं?' भद्रक म्हणाला. 'तूप वाढायला चुकता, तर सून कशी दिली असेल कुणास ठाऊक! माझ्या दारात माप ठेवलं जाईल, ते मी म्हणेन तेव्हा. तोवर तुमची लेक तुमच्या घरी!'

माप म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको. उंबऱ्यावर धान्याने भरलेलं माप ठेवायचं, नव्या सुनेने ते पायाने लवंडायचं आणि आत यायचं. ते झालं की ती घरची. ते होईपर्यंत? ना इकडची, ना तिकडची! चार दिवस पुसा माहेरी, हातावरची हळद फिकी होत चाललेली. शेजारणी उगाच साखर मागायला येतात आणि दारातून आत डोकावतात. विण्हुक झुरायला लागला. रोज सकाळी व्याह्याच्या दारात जायचा, बाहेरच्या बाहेर परत यायचा. त्याला दुसरं काही सुचेना. लेकीने तेवढा उंबरा ओलांडावा!

अशात खबर आली — खरसेन राजा चालून येतोय! दुप्पट फौज, वीस हत्ती!

पाचव्या दिवशी पहाटे विण्हुक फक्कीचं टोपलं घेऊन मैदानात गेला. नियम असा की रेघ मारणाऱ्याने तोंड शत्रूकडे करायचं, पाठ आपल्या नगराकडे. मग आपल्या उजव्या हाताला जाड पट्टा मारायचा, भद्रकाच्या आठशे माणसांचा. त्यावर सूर्याची खूण. आणि डाव्या टोकाला बारीक रेघ. तिथे मडकं, म्हणजे कुंभारांची जागा. तीस वर्षं हेच केलेलं. हाताला सगळं पाठ. डोक्याने काही करायचंच नाही!

पण रिवाज असाही होता, की उजवीच्या नायकाने आपली रेघ मारताना हजर राहायचं. तर भद्रक आलेला! नगराच्या बाजूला उभा, हाताची घडी, मान वळवलेली, आभाळात काहीतरी फार महत्त्वाचं बघतोय!

विण्हुक टोपलं घेऊन उभा राहिला. तोंड शत्रूकडे केलं… आणि थबकला. पाठीमागे कोण उभं आहे? व्याही! रुसलेला व्याही! आणि मुलीचा बाप व्याह्याला पाठ दाखवणार?

मंडळी, तुम्ही दाखवली असती? खरं सांगा! लग्नानंतर चार दिवसांत! मी एका माणसाला ओळखतो, तो व्याह्यांच्या घरातून निघताना उलटा चालत निघाला आणि गोठ्यातल्या घमेल्यात पडला!

विण्हुक वळला. तोंड व्याह्याकडे, पाठ शत्रूकडे. नम्रपणे मान खाली. आणि लागला रेघा मारायला! उजव्या हाताला जाड पट्टा, डाव्या हाताला बारीक रेघ. हात बिचारे तीस वर्षांचं काम बिनचूक करत होते. फक्त माणूस फिरला होता! मधेमधे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा, व्याह्याचा चेहरा नरम पडला का? नाही पडला. पुन्हा फक्की. पुरोहित आले, त्यांना धाकट्या मुलाची मुंज आटपायला परत जायचं होतं, त्यांनी घाईघाईने कुंकू वाहिलं, नारळ फोडला. ठक्! पूजा झाली. रेघ पक्की झाली.

आणि आला हालक! कुंभारांचा पुढारी. दोनशे कुंभार, हातात बांबू. आपली मडक्याची खूण शोधत आले आणि थांबले.

'विण्हुकदादा,' हालक म्हणाला, 'आमचं मडकं आज इकडे काढलंत होय?'

'मग कुठे काढू? रोजच्या जागी—' विण्हुकाने वर बघितलं. एकदा शत्रूकडे. एकदा नगराकडे. एकदा स्वतःच्या हातांकडे. आणि तो खालीच बसला!

'दादा,' हालक हळूच म्हणाला, 'ही तर उजवी बाजू आहे.'

'माहीत आहे रे!'

'मानाची.'

'माहीत आहे!'

हालकाने मागे वळून आपल्या माणसांना सांगितलं. आणि काय सांगू मंडळी! दोनशे कुंभारांनी एकदम मिशांना हात घातला! ज्याला मिशी नव्हती त्याने ओठाला घातला! पाठी ताठ झाल्या, छात्या पुढे आल्या. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणतो, 'जरा सरक की, माझ्या बापाला वरून दिसलं पाहिजे!'

आणि भद्रक? भद्रकाने अखेर आभाळातून नजर काढली. सूर्याची खूण बघितली — डाव्या टोकाला! नदीकडच्या दरवाज्यासमोर, जिथे सात पिढ्यांत त्याच्या घरातलं कुणी उभं राहिलं नव्हतं! चेहरा असा लाल झाला की दुसरा सूर्य उगवला असं वाटावं.

'तुपाने पोट भरलं नाही वाटतं!' तो गरजला. 'आता फौजेसमोर अपमान? तुझी लेक आता कायमची तुझ्या घरी! ऐकलंस? कायमची!'

आणि बसला! मंडळी, मैदानात मांडी घालून बसला! नायक बसला म्हणून मागे आठशे भालेवाले बसले! समोर अर्ध्या कोसावर खरसेनाचे हत्ती, धूळ उडतेय, शंख वाजतायत — आणि इकडे वरपक्ष रुसून बसलाय!

राजा सोमिल घोड्यावरून धावत आला. 'भद्रककाका, उठा!'

'महाराज, रेघ पुसून उजवीकडे मारा, उठतो.'

'पुजलेली रेघ कशी पुसू? फौज इथल्या इथे पळेल!'

'मग मी बसतो.'

'काका, शत्रू आला!'

'येऊ द्या. त्यालाही तूप वाढा!'

राजाने विण्हुकाकडे बघितलं. कोवळा राजा, आवाज फुटायला आलेला. 'विण्हुक, हे तुम्हा दोघा व्याह्यांचं आहे, तुम्हीच मिटवा! पण लवकर मिटवा!' आणि घोडा वळवून मध्यभागी निघून गेला. बरोबरच आहे. दोन व्याह्यांच्या भांडणात पडायला राजेसुद्धा भितात!

विण्हुकाने पागोटं काढलं, व्याह्याच्या पायावर ठेवलं. 'व्याही, शपथेवर सांगतो, तुम्हाला पाठ दाखवायची नव्हती, म्हणून तोंड वळवलं. दुसरं काही मनात नव्हतं. माझं डोकं मारा. पण लेकीवर राग काढू नका.'

भद्रक आभाळाकडे बघतोय.

आता तिकडे डावीकडे बघा. आठशे माणसांचा पट्टा. पांढराशुभ्र, कुंकू वाहिलेला, रिकामा! त्याच्या मागे नदीचा दरवाजा, आणि दरवाज्यात कोण? नगरातल्या बायका, पाण्याच्या घागरी घेऊन. लढाईत पाणी पुरवायचं काम त्यांचं. त्यात पुसा होती. डोक्यावर नव्या साडीचा पदर, कमरेवर घागर, हाताला फिकी हळद. तिने ते सगळं बघितलं. बाप पायावर. सासरा मांडी घालून. पट्टा रिकामा. आणि समोरून हत्ती!

तिने काय केलं असेल? रडली? दरवाजा लावून घेतला? नाही मंडळी. ती चालत गेली आणि त्या पट्ट्यावर उभी राहिली. एकटी! अगदी सूर्याच्या खुणेजवळ. घागर खाली ठेवली. पदर खोचला. एकीने तिला बघितलं, तीही आली. मग त्या बाईची जाऊ. मग चौघी. बघता बघता पट्ट्यावर चाळीस बायका, हातात कळश्या आणि घागरी!

भद्रकाची नजर गेली. आता आभाळात बघण्यासारखं काही उरलं नाही.

'सूनबाई!' तो ओरडला. पहिल्यांदाच म्हणाला हो सूनबाई! 'तिथे काय करतेस? इकडे ये!'

'येत नाही, मामंजी!' पुसा तिथूनच म्हणाली. 'पुजलेली रेघ रिकामी आहे. घरातलं कुणीतरी उभं राहायला हवं ना!'

'अगं, ती डावी बाजू आहे!'

'असेल, मामंजी! पण शत्रू इकडूनच येतोय!'

आहाहा! मंडळी, हे शास्त्र आहे का? सेनापतींच्या सभेत हे कुणी बोललं होतं का? शत्रू इकडूनच येतोय! उजवी असो, डावी असो, जिकडून येतोय तिकडे उभं राहायचं! चार दिवसांच्या सुनेला कळलं, सात पिढ्यांना नाही कळलं!

भद्रक उठला. गुडघ्यांचा आवाज झाला — कडाड्! मागे आठशे जण उठले. त्याने खाली वाकून पायावरचं पागोटं उचललं आणि विण्हुकाच्या डोक्यावर ठेवलं. तिरकंच ठेवलं, पण ठेवलं. 'चला रे,' म्हणाला, 'आमच्या जागेवर सुनेला एकटं ठेवताय होय?'

आणि धावले! बायका मागे सरल्या, भालेवाले पट्ट्यावर भरले. एक ओळ, दोन ओळी, बारा ओळी!

आता खरसेनाकडे बघा. तो आपल्या शूर बाजूला, म्हणजे उजवीकडे, पुढच्या हत्तीवर. रिवाजाप्रमाणे समोर आमचे बांबूवाले असणार, हे त्याला ठाऊक. म्हणून त्याची माणसं कशी येत होती? गप्पा मारत! ढाली पाठीवर! एकाने तर बांबू गोळा करून घरी मांडव घालायचा बेत केला होता! लांबून बायका आणि घागरी दिसल्या, तेव्हा तर हसू आवरेना. आणि धुळीतून पुढे येतात तो — समोर भाल्यांचं रान! आठशे भाले! हत्ती थबकले. पुढच्या हत्तीच्या सोंडेला भाला लागला, तो वळला. आणि हत्ती वळतो तेव्हा कुणाला विचारून वळत नाही! मागच्यांवर गेला, मागचा त्याच्या मागच्यांवर. खरसेन हौद्यात उलटा, पाय वर, मुकुट एकीकडे!

आणि उजवीकडे काय झालं? ऐका, ही तर खरी मजा! खरसेनाच्या डाव्या बाजूला त्याचे तेली आणि विणकर. बिचाऱ्यांना घरून निघतानाच सांगितलेलं — तुमच्यासमोर हिरडपूरची उजवी असेल, सात पिढ्यांची, जिवंत परत येईल तो भाग्यवान! त्यांनी धुळीतून बघितलं. मानाच्या जागी ताठ माना, मिशांना पीळ, छात्या पुढे! हातात काय आहे हे बघायला कोण थांबतो? 'तेच हे!' म्हणाले आणि सुटले! हालक मागून ओरडतोय, 'अरे थांबा, आम्ही कुंभार आहोत, थांबा की!' — ते ऐकून जास्तच जोरात पळाले!

एवढी मोठी लढाई, आणि भाकरी भाजून व्हायच्या आत संपली.

मंडळी, थोडं शांत व्हा. विण्हुक धावत डाव्या टोकाला गेला. पांढऱ्या पट्ट्यावर, सूर्याच्या खुणेपाशी, भद्रक पडला होता. पहिला हत्ती वळताना त्याचा पाय छातीवर आला होता. पुसा शेजारी बसून कळशीने त्याच्या तोंडात पाणी घालत होती.

'व्याही,' विण्हुक म्हणाला आणि त्याने पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं.

'रडू नका हो,' भद्रक म्हणाला. 'पोरीसमोर बरं दिसत नाही.' मग म्हणाला, 'सूनबाई, घरी जा. तुझ्या सासूला म्हणावं, माप ठेव. मी सांगितलंय म्हणावं. आणि आधी जेवून घे, सकाळपासून उभी आहेस.'

तर मंडळी, आता माझ्या प्रश्नाकडे या. मानाची जागा कुठली? पुढची? उजवी? सांगा ना! हत्तींसमोर पुसा उभी राहिली, ती जागा कालपर्यंत उरल्यासुरल्यांची होती. ती उभी राहिली, आणि त्या दिवसापासून हिरडपूरची माणसं तिथे वाकून माती कपाळाला लावायची. तुमच्या घरी येत्या हंगामात लग्न आहे, मला ठाऊक आहे. हो, तुमच्याकडेच बघतोय! तूप कुणाला आधी वाढलं, फेटा कुणाला आधी बांधला, पत्रिकेत नाव कितव्या ओळीत आलं, यावरून तुम्ही रुसणार आहात, हेही ठाऊक आहे. रुसा! पण रुसून बसलात, की एकदा मान वळवून बघा. तुमची रिकामी जागा कोण भरतंय? तुमचा मान सांभाळायला कुणाची लेक उभी आहे? आणि तिचं माप अजून उंबऱ्यावर ठेवलंय की नाही? देवाने आपल्याला उजवीकडे ठेवलंय की डावीकडे, हे विचारत बसू नका. जिकडून संकट येतंय तिकडे तोंड करून उभे राहा, तिथे देव शेजारी ढाल धरून उभा असतो. उजव्या टोकालाही! म्हणा एकदा देवाचं नाव. मोठ्याने म्हणा, खांबाला टेकलेल्यांनीसुद्धा!

भद्रक त्याच दिवशी, फाल्गुन शुद्ध सप्तमीला, सूर्य डोक्यावर यायच्या आधी गेला. चौदाव्या दिवशी, सुतक फिटल्यावर, पुसाने माप ओलांडलं. विण्हुक त्यानंतर सोळा वर्षांनी, माघ महिन्यात, लेकीच्या सासरी वारला.